आभारात राहिलेलं नाव

दुबई, ६ ऑक्टोबर २०२५

प्रति,
सांस्कृतिक संवाद कक्ष, ब्रसेल्स
विषय : लेखी निवेदन

प्रिय सुजीत,

दचकू नकोस. तुमच्या जाहीर पत्रकात लिहिलंय की संस्थांनी आणि नागरिकांनी आपलं म्हणणं कोणत्याही भाषेत पाठवावं, आलेलं प्रत्येक निवेदन वाचलं जाईल. मी दोनदा वाचून खात्री केली. कोणत्याही भाषेत, आणि प्रत्येक. तुमच्या ऑफिसात मराठी वाचणारा तू एकटा. व्हॉट्सॲपवर माझ्या निरोपाखाली दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे महिनोन्महिने काही होत नाही, म्हणून हा मार्ग धरला. बहीण म्हणून वाचलं नाहीस तरी नोकरी म्हणून वाचावं लागेल.

तर निवेदन असं. युरोपातल्या सरकारांनी तिथल्या कलासंस्थांशी बोलावं म्हणून तुमचं खातं दरवर्षी एक संवाद भरवतं. चांगलं आहे. यंदा विषय काय, तर स्थलांतरितांची संस्कृती. म्हणून तो संवाद युरोपात न भरवता दुबईत भरवायचा तुम्ही ठरवलंत. तेही चांगलं. पण एवढ्या दुबईत तुम्हाला जागा कोणती मिळाली, तर अल क्वोजमधलं यहयाचं फर्निचरचं गोदाम. आणि तारीख कोणती, तर शनिवार, २२ नोव्हेंबर.

त्या गोदामाच्या मागच्या अर्ध्या भागात आपला नाट्यगट आठ वर्षं तालमी करतोय, हे तुला मी सांगायला नको. प्लॅस्टिक घातलेले सोफे भिंतीला सरकवायचे, तालीम झाली की परत जागेवर आणायचे. यहया भाडं घेत नाही. आईच्या हातच्या अळूवड्या घेतो. परवा त्याने मला बोलावलं आणि डोकं खाजवत म्हणाला, "सिस्टर, ये लोग फ्लोअर बनाएगा, लाइट लगाएगा. पूरा मंथ काम है. युरोप है ना. तुम्हारा प्ले इन्शाल्ला डिसेंबर में."

डिसेंबरमध्ये आई इथे नाही. बाबांच्या कंपनीने त्यांना निवृत्त केलंय, व्हिसा संपतोय, पाच डिसेंबरचं पुण्याचं तिकीट काढलंय. एकोणतीस वर्षं झाली, आता कायमचे चाललेत. हे तुला माहीत असावं अशी माझी समजूत होती, पण तू दिवाळीत आईशी जेमतेम चार वाक्यं बोलतोस, त्यात ते मावलं नसेल. जायच्या आधी तिला शेवटचा प्रयोग करायचा आहे. त्यासाठी आम्ही २२ नोव्हेंबर ठरवला होता, तुमच्या पत्रकाच्या कितीतरी आधी.

नाटक 'तीस किलो'. हो, तुझंच. मी नाही निवडलं, आईने निवडलं.

म्हणजे तुझ्या कार्यक्रमामुळे तुझंच नाटक रद्द होतंय. तारीख बदल, किंवा संध्याकाळी हॉल आम्हाला दे. मला तुझ्याकडून दुसरं काही नको.

ताई

---

दुबई, १५ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुजीत,

पोच मिळाली. "आपल्या मोलाच्या योगदानाची नोंद घेण्यात आली आहे." यंत्राने पाठवलेली. यंत्राकडून का होईना, तुझ्याकडून मला मोलाचं म्हटलेलं बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

त्यानंतर तुमच्याकडून आमंत्रण आलं. स्थानिक समाजाचा एक प्रतिनिधी हवाय म्हणे, तीन मिनिटं बोलायला. इथल्या मराठी मंडळाचे माजी कार्यवाह म्हणून बाबांचं नाव कुणीतरी सुचवलंय. मी ते पत्र छापून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं आणि तळाशी तुझ्या सहीवर येऊन थांबले. मग कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "हो म्हणून कळव."

मी म्हटलं, "बाबा, नक्की?"

"त्यांनी संस्थेला बोलावलंय. संस्थेने जायचं असतं."

मग त्यांनी विचारलं, पत्रात सिव्हिल सोसायटी म्हटलंय, म्हणजे नेमकं कोण? इरा तिथेच फोनवर होती. माझी लेक आता पंधरा वर्षांची आहे, मान वर न करता बोलते. म्हणाली, "आजोबा, इट मीन्स पीपल हू आर नॉट पेड टू बी देअर." बाबा म्हणाले, "मग बरोबर आहे, आपणच."

तालमी सध्या माझ्या घरी, ऊद मेथाच्या फ्लॅटमध्ये चालू आहेत. आई सोफा आणि टीव्ही यांच्या मधल्या पट्टीत चालते. खालच्या मजल्यावरचे लोक दोनदा वर येऊन गेले. इराला देवनागरी वाचता येत नाही, म्हणून तिने सगळं नाटक रोमन लिपीत लिहून घेतलंय आणि आई अडली की तिकडून कसलेतरी भयंकर उच्चार फेकते. आई त्या उच्चारांवरून ओळखते. निखिल ऑफिसातून येतो आणि घरचा नवरा असून दारात उभा राहून विचारतो, आत येऊ का, की प्रवेश चालू आहे.

आता मला राग कशाचा आहे ते सांगते. हॉलचा आहेच. पण खरा राग याचा आहे की हे सगळं माझ्या एकटीच्या गळ्यात आहे. बाबांच्या व्हिसाचे हेलपाटे मी घालते, आईच्या गुडघ्याचे डॉक्टर मी शोधते, आणि तू तिकडे बसून लोकांनी एकमेकांशी कसं बोलावं याची धोरणं लिहितोस. तुझ्या भाषणाची चित्रफीत मी पाहिली. "संवाद तुटतो तेव्हा पहिली जबाबदारी ज्याच्या हातात सत्ता आहे त्याची." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या असत्या, पण हातात पोळपाट होता.

ताई

---

दुबई, ३० ऑक्टोबर २०२५

प्रिय सुजीत,

तुझं उत्तर आलं. तीन ओळी, इंग्रजीत, वर निवेदन क्रमांक. सरकारी प्रतिनिधींच्या वेळापत्रकामुळे तारीख बदलता येत नाही. संध्याकाळी हॉलमध्ये पाहुण्यांचं जेवण आहे. तथापि जेवणाआधीच्या सत्रात बारा मिनिटांचा "सामुदायिक कलाविष्कार" समाविष्ट करता येईल.

बारा मिनिटं. अरे, नाटक तू लिहिलंयस. आईचा प्रवेशच विसाव्या मिनिटाला आहे. त्याआधी नवरा एकटा तो लटकवायचा वजनकाटा घेऊन विमानाच्या बॅगा तीस किलोत बसवत असतो, हे तुला मी सांगू?

मी ते उत्तर आईला वाचून दाखवलं, मराठी करून, जरा तिखट करून. मला वाटलं ती चिडेल आणि मग आम्ही दोघी मिळून चिडू. ती कुकरची शिट्टी मोजत होती. म्हणाली, "चालेल की."

"काय चालेल? बारा मिनिटांत काय करणार आहेस?"

"खलबत्त्याचा प्रवेश करीन. तेवढा बसतो." मग गॅस बंद करून विचारलं, "तो येणार आहे का तिथे?"

मला माहीत नाही म्हटलं.

"मग तेवढं विचार. हॉलचं नंतर बघू."

तिला हॉल नको, दिवे नकोत, प्रयोगसुद्धा नको असेल कदाचित. तिला तू समोर बसलेला हवा आहेस. मी महिनाभर उगाच हॉलसाठी भांडत होते. तेव्हा निवेदन क्रमांक तीन, एकच प्रश्न : तू येणार आहेस का?

आणि आता विषय निघालाच आहे तर. तीन वर्षांपूर्वी याच नाटकाच्या पहिल्या प्रयोगानंतर बाबांनी आभार मानले, तेव्हा त्यांनी यहयापासून वडे तळणाऱ्यापर्यंत सगळ्यांची नावं घेतली आणि लेखक-दिग्दर्शकाचं नाव घेतलं नाही. तू चौथ्या रांगेत बसला होतास. मंडळात नाव राहिलं म्हणून लोकांनी दहा-दहा वर्षं एकमेकांशी अबोला धरलेला मी पाहिलाय, त्यामुळे तुला काय झालं असेल ते मला कळतं. त्यात ते विसरले नव्हते हे सगळ्यांना कळलं होतं. पण तूही जरा आठव. तुझ्या नाटकातला नवरा बायकोच्या बॅगेतून एकेक वस्तू काढून बाहेर ठेवतो आणि दर वेळी म्हणतो, "पुण्यात मिळतं हे सगळं." हे वाक्य कुणाचं? दर सुट्टीला आपल्या घरात कोण म्हणायचं? दोनशे माणसं हसत होती आणि बाबा पहिल्या रांगेत बसले होते. तू त्यांना आधी सांगितलंही नव्हतंस.

मी कुणाची बाजू घेत नाही. दोघांचाही मला कंटाळा आलाय.

ताई

---

दुबई, १२ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुजीत,

"दूरस्थ पद्धतीने सहभागी होईन." ठीक. आईला सांगितलं की तू पडद्यावर असशील. ती म्हणाली, "चेहरा तर दिसेल." तिने लगेच ठरवलं की पडदा कुठल्या बाजूला आहे ते बघून ती त्या बाजूला तोंड करून उभी राहील.

कार्यक्रमपत्रिका मिळाली. सकाळी सरकारी प्रतिनिधी बोलतील, मग युरोपातल्या संस्था बोलतील, मग सरकारी प्रतिनिधी संस्थांच्या बोलण्यावर बोलतील. "समुदायांचे ऐकताना" हे सत्र पाऊण तासाचं आहे, त्यात चार सूत्रसंचालक आहेत. समुदाय एक आहे, तो म्हणजे बाबा.

बाबांनी पत्रिका वाचून पहिला प्रश्न केला, "आभारप्रदर्शन कोण करणार?"

कुणीच नाही. पत्रिकेत ते नव्हतंच. बाबांना हे पटेना. आभार नसले तर कार्यक्रम संपला हे लोकांना कळणार कसं? त्यांनी माझ्याकडून तुमच्या समन्वयक बाईंना मेल करवला, मग बाईंनी व्हिडिओ कॉल लावला. बाबा त्यांना वीस मिनिटं समजावत होते : नावं कोणत्या क्रमाने घ्यायची, ज्याने मंच बांधला त्याचं नाव मंचावर बसलेल्याच्या आधी का घ्यायचं, आणि शेवटी "कुणाचं नाव अनवधानाने राहिलं असल्यास क्षमस्व" हे का म्हणायचं. बाई भराभर लिहून घेत होत्या. दुसऱ्या दिवशी सुधारित पत्रिका आली. शेवटी एक ओळ : "कृतज्ञतेचा पारंपरिक विधी, श्री. सतीश देवस्थळी, पाच मिनिटं." बोलायला तीन मिनिटं आणि आभाराला पाच. बाबा खूश आहेत. नवीन ब्लेझर घेतला, तीनशे दिरहॅमचा. आई म्हणाली, म्हणजे सात हजार रुपयांच्या वर झाले, आणि पुण्यात मिळतो. ती हसली. तेही हसले, जरा उशिरा.

आता जे सांगायला हे लिहिते आहे ते. आई-बाबा सध्या आमच्याकडेच राहतात, आणि बाबा रोज सकाळी आमच्या बाथरूममध्ये नावं पाठ करतात. कागद घेऊन आभार मानणं त्यांना कमीपणाचं वाटतं, तुला माहीत आहे. मी बाहेर इराचा डबा भरत ऐकते. यहया असतो, सुतार असतात, दिवेवाले असतात, समन्वयक बाई असतात. तुझं नाव असतं का ते मला कळत नाही, कारण यादीच्या शेवटाला ते नळ सोडतात. मी विचारलं नाही. विचारलं आणि "नाही" म्हणाले तर मला पुढचे दहा दिवस ते माहीत असून वागावं लागेल.

तू मात्र शेवटपर्यंत थांब. घाईचं काही असलं तरी थांब. एवढं तुझ्या हातात आहे.

ताई

---

दुबई, २३ नोव्हेंबर २०२५

सुजीत,

काल काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे. बाकीचं अर्धं मी लिहिते. हे वाचताना कुणाला फोन लावू नकोस, आधी पूर्ण वाच.

सकाळी तू पडद्यावर आलास. छान दिसत होतास, वजन उतरलंय. इंग्रजीत स्वागत केलंस. आई तिसऱ्या रांगेतून हात हलवत होती, तुला दिसलं नसणार. पाच मिनिटांनी तुझा चेहरा गेला आणि त्या जागी काळा चौकोन आला, त्यावर नुसतं तुझं नाव. दिवसभर तोच चौकोन होता. तू तिथे होतास की नव्हतास, मला माहीत नाही. असशील असं मी धरते.

सकाळची भाषणं लांबली. एकेका प्रतिनिधीला दहा मिनिटं होती, ते वीस-वीस बोलले. सगळे म्हणाले की ऐकणं फार महत्त्वाचं आहे. "समुदायांचे ऐकताना" हे सत्र पाऊण तासावरून पंधरा मिनिटांवर आलं. चार सूत्रसंचालकांनी आपापली ओळख करून दिली. बाबांना दीड मिनिट मिळालं. त्यांनी तेवढ्यात आपलं नाव, संस्थेचं नाव आणि "तालमीला जागा मिळावी ही विनंती" एवढं सांगितलं आणि वेळेच्या आत खाली बसले. दिवसभरात वेळेत बसलेले ते एकटे.

आईला बाराऐवजी सात मिनिटं मिळाली. तिने खलबत्त्याचा प्रवेश केला. नवरा म्हणतो, चार किलोचा आहे, ठेव इथेच, पुण्यात मिळतं हे सगळं. ती त्याच्या हातातून तो घेते आणि म्हणते, "पुण्यात मिळेल. पण मी इथे कुटलेलं तिथे मिळेल का?" ती तुझ्या चौकोनाकडे तोंड करून म्हणाली. त्यामुळे समोरच्या लोकांना तिची पाठच दिसली. तरी टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेतला एक गृहस्थ विचारत होता की दगडाचं ते भांडं धार्मिक आहे का.

मग पाचला दोन-तीन मिनिटं कमी असताना बाबा आभाराला उठले. लोक पिशव्या उचलत होते, बसेस बाहेर उभ्या होत्या. बाबा पडद्याकडे पाठ करून उभे राहिले, ब्लेझरची बटणं लावली, हातात कागद नाही. इंग्रजीतून सुरुवात केली. सुतार, रंगारी, दिवेवाले. यहयाचं नाव घेतलं तेव्हा यहया खुशीत दारातून ओरडला, "यल्ला बाबाजी." चहावाले. भाषांतरकार. समन्वयक बाई. सरकारी प्रतिनिधी, सगळे, बरोबर क्रमाने, एकही देश चुकला नाही.

मग ते थांबले. मला वाटलं, आता क्षमस्व म्हणतील आणि संपेल. ते मराठीत आले. म्हणाले, "तीन वर्षांपूर्वी याच जागी, याच नाटकाच्या आभारात माझ्याकडून एक नाव राहिलं होतं. अनवधानाने राहिलं नव्हतं, मी मुद्दाम गाळलं होतं. नाटकाचे लेखक आणि दिग्दर्शक, सुजीत सतीश देवस्थळी. नाटकातला नवरा त्याने माझ्यावरून घेतलाय. तेव्हा मला राग आला होता. आता घरी बॅगा भरतोय तर काटा हातात घ्यावासा वाटत नाही. त्याने जसं लिहिलंय तसाच मी आहे. मी त्याचा आभारी आहे."

सुजीत, हे तू ऐकलं नाहीस. पत्रिकेवर पाच वाजता समाप्त असं लिहिलं होतं, म्हणून तुमच्या तंत्रज्ञाने पाचच्या ठोक्याला जोडणी बंद केली. बाबा इंग्रजीतून मराठीत येत होते तेव्हा मी पडद्याकडे बघत होते. तुझा चौकोन गेला, मग निळा पडदा आला, त्यावर कुणाच्या तरी लॅपटॉपमधली चिन्हं. बाबांची पाठ होती. त्यांना दिसलं नाही. ते त्या निळ्या पडद्यासमोर उभे राहून तुझे आभार मानत होते, आणि हॉलमध्ये ते समजणारी आम्ही वीस-पंचवीस माणसं होतो. आई रडली. मी रडले नाही, मला इतका संताप आला होता की रडायला सुचलंच नाही. वर्षभर तयारी करून, एवढे दिवे लावून, एवढी माणसं विमानाने आणून तुम्ही संवाद भरवता, आणि कुणीतरी खरं बोलायला लागलं की बरोबर तेव्हाच वायर काढता.

बसेस गेल्या. पाहुण्यांचं जेवण ऐनवेळी हॉटेलात हलवलं होतं, गोदाम थंड नाही म्हणून. यहया आला आणि म्हणाला, "सिस्टर, लाइट सुबह ले जाएगा. अभी तुम्हारा है." मी मंडळाच्या ग्रुपवर निरोप टाकला. तासाभरात शंभरेक लोक जमले. आईने 'तीस किलो' पूर्ण केलं, दोन्ही अंक, युरोपच्या दिव्यांत, नव्या फळ्यांवर. गुडघा दुखत होता, कुणाला कळलं नाही. इराने विंगेतून एकदाच आठवण करून दिली. ही बातमी म्हणून सांगते. हॉलबद्दलचं माझं निवेदन मी मागे घेते.

आता मी काय केलं ते. घरी येताना गाडीत बाबा पुढे बसले होते. आई मागे इराच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. बाबांनी रस्त्याकडे बघत विचारलं, "ऐकलं का त्याने?"

मी म्हटलं, "हो."

"काही म्हणाला?"

"त्याचा माइक बंद होता. पण ऐकलं. मी बघत होते."

आमच्या बिल्डिंगपाशी गाडी वळली तेव्हा म्हणाले, "बरं झालं. मला वाटलं होतं, मध्येच उठून जाईल." आज सकाळी बाथरूममध्ये नळ होता, नावं नव्हती.

मी खोटं बोलले. मला त्याचं वाईट वाटत नाही, पण ते फार दिवस टिकणार नाही. ते पाच तारखेला जातील, पुण्यात पोचतील, आणि तुझा फोन येत नाही हे त्यांच्या लक्षात येईल. मग त्यांना वाटेल की तू ऐकलंस आणि तरी केला नाहीस. तीन वर्षांपूर्वीपेक्षा ते वाईट होईल. तेव्हा निदान त्यांनी तुझं नाव गाळलं होतं, आता त्यांनी घेतलंय.

म्हणून हे शेवटचं निवेदन. तुमच्या नियमाप्रमाणे प्रत्येक निवेदन वाचावं लागतं. तू वाचलंस. त्यांचे शब्द मी होते तसे लिहिलेत, एकही इकडचा तिकडे केला नाही. त्यांना फोन कर, मला नको. ते लगेच विचारणार नाहीत. आधी तिकडे थंडी कशी आहे विचारतील, मग जेवणाचं विचारतील. मग केव्हातरी विचारतील, तेव्हा ऐकलं म्हणून सांग.

आता ते खोटं राहिलेलं नाही.

ताई